पेटी आणि प्रौढ विद्यार्थी

साठी उलटल्यावर मनुष्याने काय करावे, यासंबंधी आपल्याकडे पुष्कळ सांगून ठेवलेले आहे. तीर्थयात्रा करावी, नातवंडे खेळवावी, हरिपाठ म्हणावा. पेटी शिकावी, असे मात्र कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी ती शिकू लागलो. मी प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि सारी हयात मुलांना पाढे व बाराखडी शिकविण्यात गेली. जन्म इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी झाला. नोकरीमुळे बारामतीस आलो आणि तेथेच राहिलो. संगीताचा अधिकारी म्हणून मी आपणांपुढे आलेलो नाही. उशिरा शाळेत नाव घातलेला एक विद्यार्थी, एवढीच माझी योग्यता समजावी.

ज्या यंत्रातून माझा आवाज आपणांपर्यंत पोहोचत आहे, त्याचा आणि माझ्या पेटीचा एक जुना तंटा आहे. १ मार्च १९४० पासून हिंदुस्थानच्या नभोवाणीवर पेटीला मज्जाव होता, आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. ज्या वाद्यापुढे संसारी माणसे दिवसाचे काम आटोपून दोन घटका बसत होती, त्या वाद्याला नभोवाणीच्या उंबऱ्यावर अडविण्यात आले. हा तंटा कशावरून झाला, त्यात खरी बाजू कोणाची, आणि माझ्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्याने त्यातून काय घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपली रागदारी विद्या पूर्वी गुरूच्या घरी राहून मिळवावी लागे. मुलगा लहानपणीच घर सोडी, गुरूची सेवा करी, वर्षानुवर्षे एकच पलटा घोटी आणि मग केव्हातरी एखादी चीज त्याच्या पदरात पडे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती अशाच दीर्घ भ्रमंतीनंतर आणि गुरुसेवेनंतर. या व्यवस्थेने मोठमोठे गवई निर्माण केले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्याच्या गळ्यात संसार पडला आहे, ज्याला सकाळी कचेरी किंवा नांगर गाठावयाचा आहे, त्याला या व्यवस्थेत जागा नव्हती. त्याने ऐकावे, मान डोलवावी आणि घरी जावे.

आमच्या भागात मात्र या गृहस्थासाठी एक दार फार पूर्वीपासून उघडे होते. तुकोबारायांची पालखी दरवर्षी देहूहून निघते, ती बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मुक्काम करीत पंढरीकडे जाते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. हा पालखीसोहळा तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केला असे सांगतात. म्हणजे सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ आमच्या रस्त्यावरून दरवर्षी टाळ, मृदंग आणि वीणा यांची मिरवणूक जात आली आहे. दिंडीत टाळ धरणाऱ्याला कोणी वय विचारीत नाही. वीणा गळ्यात घेणारा विणेकरी बहुधा वयाने पोक्तच असतो. वारकऱ्याला मृदंगाचे बोल जे येतात ते देवळाच्या ओसरीवर, शेजाऱ्याच्या बोटांकडे पाहून आलेले असतात. चाळिशीत माळ घातली आणि पंचेचाळिशीत मृदंगावर थाप पडू लागली, अशी माणसे गावोगाव आढळतात. यात कोणाला नवल वाटत नाही. कारण तेथे वाद्य हे विद्येचे प्रदर्शन मानलेले नाही, ते सेवेचे साधन आहे.

दुसरा संस्कार कीर्तनाचा. कविवर्य मोरोपंत यांचे आयुष्य बारामतीत गेले आणि १७९४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या आर्या विद्वानांच्या दप्तरात पडून राहिल्या नाहीत, याचे श्रेय कीर्तनकारांना आहे. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांनी लावणीबरोबर कीर्तनही हाती घेतले आणि पंतांच्या आर्या लोकांच्या कानांवर घातल्या, हे सर्वश्रुत आहे. ज्या गावात शंभर-दीडशे वर्षे देवळात कीर्तन चालते, त्या गावाचा कान आपोआप तयार होतो. स्वराचे नाव ठाऊक नसलेला शेतकरीही बुवांचा सूर हलला की मान वर करतो. असा कान तयार होता. हवे होते ते त्या कानाला हाताची जोड देणारे वाद्य.

ते वाद्य परदेशातून आले. पॅरिस येथील अलेक्झांडर दबें या कारागिराने १८४०च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केले. पायाने भाता हलवावयाचा, हवा पितळेच्या पातळ पट्ट्यांतून जाऊ द्यावयाची, आणि त्या कंप पावल्या की नाद निघावयाचा, अशी त्याची रचना. या पट्ट्यांनाच आपले पेटीवाले 'सूर' म्हणतात. मूळ वाद्य खुर्चीवर बसून वाजविण्याचे. आपल्या बैठकीत ते बसेना. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी आपल्या द्वारकिन या पेढीत हाताने भाता हलविण्याची लहान पेटी बनविली. पायपेटीची हातपेटी झाली आणि वाद्य खुर्चीवरून सतरंजीवर उतरले. हा बदल दिसावयास लहान, परंतु परिणामाने फार मोठा. काखेत मारून नेता येईल असे, कमी जागेत मावणारे, पावसाळ्यात फारसे न बिघडणारे आणि दररोज जुळवावे न लागणारे वाद्य लोकांना प्रथमच मिळाले.

शेवटचा गुण प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सतार किंवा सारंगी हाती घेणाऱ्याला आधी ती जुळविता आली पाहिजे; आणि जुळविण्यासाठी जो कान लागतो, तो तयार होण्यास वर्षे जातात. सारंगीवर तर स्वराची जागा बोटानेच शोधावी लागते. लहान मुलाजवळ त्यासाठी पुढचे सारे आयुष्य असते. पन्नाशीच्या माणसाजवळ कचेरी सुटल्यापासून जेवणाचे ताट मांडले जाईपर्यंतचा वेळ असतो. पेटीने त्याला सांगितले, 'स्वर मी सांभाळते. तू फक्त बोट ठेव.' पहिल्याच दिवशी सा म्हटला की सा निघतो. हे आश्वासन मोठे होते; आणि पुढे दिसेल की तंटाही याच आश्वासनावरून झाला.

पेटी आली त्याच सुमारास सुशिक्षित गृहस्थांच्या मनातही बदल घडत होता. गाणे-बजावणे हे कलावंतांचे आणि दरबाराचे काम, प्रतिष्ठितांनी त्यात पडू नये, हा समज ढिला होऊ लागला. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने गायन उत्तेजक मंडळी निघाली. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. १८८३ साली कोल्हापुरात देवल क्लब निघाला. शिकलेल्या माणसांनी एकत्र बसून संगीत ऐकावे, समजून घ्यावे आणि जमल्यास स्वतः शिकावे, ही कल्पना या संस्थांनी रुजविली. गायन उत्तेजक मंडळीच्या सभासदांत विष्णु नारायण भातखंडे नावाचे एक तरुण होते. शिक्षणाने ते वकील होते. सतार शिकले ती हौसेने. त्या हौसेतूनच पुढे त्यांनी देशभर हिंडून चिजा जमविल्या, रागांची व्यवस्था लाविली आणि आपल्या संगीतशास्त्राला नवे वळण दिले. हौशी या शब्दाचा आपण उपहासाने उपयोग करतो, तेव्हा भातखंडे यांचे स्मरण ठेवावे.

याच काळात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि नाट्यसंगीताचे युग सुरू झाले. नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. त्यांच्याबरोबर पेटी, आणि पुढे ऑर्गन, मराठी माणसाच्या कानांत जाऊन बसले. 'मानापमान' नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच्या पदांना चाली दिल्या त्या गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी. गोविंदरावांची पेटी म्हणजे बोलणारी पेटी, असे जुने लोक सांगत. ते हे वाद्य बहुतांशी स्वतःच, ऐकून ऐकून शिकले. देवल क्लबात मोठमोठ्या गवयांना ऐकावे आणि गळ्यातले पेटीवर कसे उतरेल याचा ध्यास घ्यावा, अशी त्यांची तालीम. हातचलाखीने पेटी वाजविणारे पुष्कळ होते; कानाने वाजविणारा मनुष्य कोठे जाऊ शकतो, हे गोविंदरावांनी दाखविले.

तिसरा उपकार पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा. मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी शिकलेल्या या गृहस्थाने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, स्वरलेखन आणि परीक्षा, ही शाळेतली सारी सामग्री त्यांनी संगीताला लागू केली. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ साली, त्यांच्या शिष्यवर्गाने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांची केंद्रे आज तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत. या पद्धतीवर टीका झाली. पुस्तकावरून गवई होत नाही, असे लोक म्हणाले. आणि ते खरेही आहे. परंतु मी आयुष्यभर शाळामास्तर होतो. पायरी दिसली म्हणजे चढणाऱ्याला किती धीर येतो, हे मला ठाऊक आहे. ज्याला गुरुगृही बारा वर्षे राहणे शक्य नाही, त्याला निदान पहिली पायरी कोठे आहे हे समजले.

आता तंट्याकडे वळतो.

पेटीवर घेतलेला मुख्य आक्षेप असा. आपले संगीत हे स्वरांच्या मधल्या वाटांचे संगीत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गळा जो घसरतो, ती मींड पेटीवर निघत नाही. कारण पट्टी दाबली तर स्वर आहे, सोडली तर नाही, मधले काही नाही. दुसरा आक्षेप याहून खोल. पाश्चात्त्यांनी आपल्या सोयीसाठी सप्तकाचे बारा समान भाग केले आणि पेटी त्या हिशोबाने जुळविलेली आली. तंबोऱ्याच्या षड्जाशी नैसर्गिकपणे जुळणारा शुद्ध गंधार या समान विभागणीत सापडत नाही. पेटीवरील दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटीचा गंधार खऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा लागतो. पंचमात फरक जेमतेम दोन भागांचा आहे, म्हणून तो कानाला टोचत नाही. गंधार मात्र टोचतो. निदान टोचला पाहिजे.

हा दोष प्रथम मोजून दाखविणारांत एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, ही गोष्ट मला फार प्रिय आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्यांचे नाव. सरकारी चाकरी करून त्यांनी बावीस श्रुतींच्या अभ्यासात लक्ष घातले, अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर तपासले आणि १९१० साली या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स हे त्यांचे साहाय्यक. या दोघांच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे देवलांच्या मतांवर बराच वाद झाला आणि सर्वांना ती पटली नाहीत. तथापि पेटी सदोष आहे म्हणून ती फेकून द्यावी, असे देवलांनी मानले नाही. दोष आहे, तर तो सुधारावा, ही त्यांची दृष्टी. एखादा विद्यार्थी चुकीचा पाढा म्हणतो म्हणून त्याला शाळेतून काढीत नाहीत.

पुढच्या पिढीने मात्र काढले. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. १९३८ साली त्यांनी पेटीवर कठोर लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य आपल्या संगीतावरचे संकट वाटे. १९४०च्या आरंभी त्यांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून तेथून पेटी काढून टाकण्याची सूचना केली. त्या वेळी नभोवाणीचे नियंत्रक लायोनेल फील्डन होते. त्यांच्या कारकीर्दीत १ मार्च १९४० रोजी बंदी अंमलात आली. स्वातंत्र्य मिळाले, राज्यकर्ते बदलले, तरी बंदी तशीच राहिली. १९७१ साली ती शिथिल झाली आणि साथीचे वाद्य म्हणून पेटीला पुन्हा आत घेण्यात आले.

त्या तीस-एकतीस वर्षांत आमच्याकडे काय चालले होते? नभोवाणीवर पेटी नव्हती आणि देवळात पेटी होती. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात एक जुनी पेटी होती. तिची एक पट्टी दाबली की वर येत नसे. ती नखाने उचलावी लागे. ती वाजविणारे गृहस्थ शेतकरी होते. मुले हाताशी आल्यावर, पन्नाशीच्या घरात त्यांनी पेटी धरली, असे वडीलधारी माणसे सांगत. त्यांची बोटे जाड आणि भेगाळलेली. तान वगैरे त्यांना येत नसे. परंतु बुवांनी अभंग उचलला की पेटीचा सूर त्यांच्या मागोमाग, आज्ञेत असलेल्या बैलासारखा चाले. पुढे नाही, फार मागेही नाही. दिल्लीत या वाद्याला बंदी आहे, हे त्यांना कधी कळले नसावे. कळले असते तरी त्यांनी एकादशीचे भजन चुकविले नसते.

पुढे उजनीचे धरण झाले. १९६९ साली काम सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते, आणि लोक होडीतून त्याच्या दर्शनाला जातात. आमचे गाव उठले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. घरांची लाकडे, दारे, जाती, सारे बैलगाड्यांवर लादून नव्या गावठाणात नेले. देवळातली पेटी गोधडीत गुंडाळून एका गाडीवर मध्यभागी ठेविली होती आणि ते गृहस्थ तिला धरून बसले होते. नव्या गावठाणात देऊळ बांधून होण्यापूर्वी भजन सुरू झाले. कोणत्या वाद्यामुळे गाव गाव राहते, याचा विचार करताना मला ती गाडी आठवते.

हे सारे डोळ्यांनी पाहिलेल्या मनुष्याकडून पुढे काय घडले, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. माझे वडीलबंधू शेती करीत. मी शिकलो, कारण त्यांनी शाळा सोडून नांगर धरला. त्यांचे वय चाळीस-बेचाळीस असताना एकदा ते बारामतीस माझ्या बिऱ्हाडी आले. जेवणे झाल्यावर, सुपारी कातरता कातरता, म्हणाले, "पेटी शिकावी म्हणतो. इथं शिकवणारं कुणी आहे का रे?" मी तेव्हा नवा मास्तर. शहरात चार बैठका ऐकल्या होत्या. पेटी हे हलके वाद्य, नभोवाणीने ते तीस वर्षे दाराबाहेर ठेविले होते, आणि संगीत लहानपणापासूनच शिकावे लागते, असे कोठूनसे ऐकून मी पक्के धरून बसलो होतो. मी हसून म्हणालो, "दादा, आता या वयात काय?" दादांनी सुपारी तोंडात टाकली आणि पावसाचा विषय काढला. पेटीचा विषय त्यांनी पुन्हा माझ्यापाशी कधी काढला नाही. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली.

मी निवृत्त झाल्यावर एके दिवशी पेटी विकत आणली, ती या एका वाक्याचे ऋण फेडावे म्हणून. ते फिटत नाही, हे मला समजते.

शिकविणारे बुवा मिळाले ते माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. वयाने माझ्या मुलाएवढे. ते मला जुन्या सवयीने गुरुजी म्हणतात आणि मी त्यांना बुवा म्हणतो. पहिल्या दिवशी मी पट्टीवर बोट आपटले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "गुरुजी, छडीसारखं नको. बोट ठेवायचं, मारायचं नाही." चाळीस वर्षांच्या सवयी हातात बसलेल्या असतात, त्या अशा बाहेर पडतात. सर्वांत अवघड गेला तो भाता. उजवा हात गुंतला की डावा थांबतो आणि सूर मरतो. मग घाई करून भाता ओढला की सूर ओरडतो. श्वास घ्यावा इतक्या सहजतेने भाता हलला पाहिजे, हे कळण्यास एक महिना आणि हाताला वळण्यास एक वर्ष लागले. करंगळीशेजारचे बोट तर स्वतंत्रपणे उठतच नसे. एकच अलंकार काळी एक पट्टीत रोज पहाटे अर्धा तास, असे सहा महिने केले, तेव्हा ते उठू लागले.

या अभ्यासात मला एक भेद स्पष्ट दिसला, तो प्रौढ श्रोत्यांच्या उपयोगाचा आहे. लहान मुलाचे बोट लवकर वळते, परंतु त्याला कशासाठी वाजवावयाचे हे ठाऊक नसते. प्रौढाचे बोट वळत नाही, परंतु त्याच्या कानात पन्नास वर्षांचे ऐकणे साठलेले असते. भूप वाजवावयास घेतला तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे स्वर मला अनोळखी नाहीत. देवळात, लग्नघरी, नाटकात ते कितीदा तरी भेटले होते, फक्त त्यांचे नाव ठाऊक नव्हते. प्रौढाचे शिकणे पुष्कळ अंशी असे ओळख पटण्याचे असते. मात्र त्याचा शत्रूही कानच असतो. आपले वाजविणे किती वाईट आहे, हे मुलाला कळत नाही, आपल्याला कळते. त्या कळण्यापुढे टिकून राहणे हाच प्रौढाचा खरा रियाझ होय.

दोन वर्षांनी मी प्रारंभिक परीक्षेला बसलो. या परीक्षांना वरच्या वयाची अट नाही. परीक्षाकेंद्राच्या ओसरीत बाकावर मी आणि दहाबारा मुले बसलो होतो. शेजारच्या मुलीने मला विचारले, "आजोबा, तुम्ही कोणाला घेऊन आलात?" मी म्हणालो, "मलाच." तिने थोडा विचार केला आणि मग मला दुर्गेचा आरोह नीट येतो की नाही, ते विचारून घेतले. परीक्षकांनी माझा भाता दोनदा थांबविला. मी उत्तीर्ण झालो. वर्ग मात्र दुसरा मिळाला. इतक्या वर्षांनी गुणपत्रिका हाती घेताना विद्यार्थ्यांच्या पोटात काय कालवत असे, हे मला प्रथम कळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तंट्यात खरी बाजू कोणाची?

पेटीचा गंधार चढा आहे, हे खरे आहे. मींड निघत नाही, हेही खरे. पेटीवर विसंबून राहिलेल्या गळ्याचा कान बिघडतो, हा अनुभव गाणारांनी अनेकदा सांगितला आहे. या बाबतीत बंदी घालणारांनी खोटे काही सांगितले नाही. त्यांची चूक दुसरीकडे झाली. हे वाद्य मैफिलीच्या शिखरावर शोभते की नाही, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. ते वाद्य कोणाच्या हातात आहे, आणि ते हिसकावल्यावर त्या हातात दुसरे काय येणार, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आमच्या देवळातील शेतकऱ्याच्या हातातून पेटी काढली असती, तर त्याच्या हाती सारंगी आली नसती. त्याचे हात रिकामे राहिले असते. आणि अशा रिकाम्या हातांच्या गावात पुढे सारंगी ऐकणारे तरी कोठून आले असते? मैफिलीत जो मान डोलवितो, त्याने केव्हातरी घरी चार सूर स्वतः काढून पाहिलेले असतात, म्हणूनच तो योग्य जागी डोलवितो.

अपात्रतेचा निकाल देण्यास एक वाक्य पुरते. पेटीला तो तीस वर्षे भोवला. माझ्या भावाला मी दिलेला निकाल त्याला जन्मभर पुरला. दोन्ही निकालांत थोडे सत्य होते, म्हणूनच ते इतके घातक झाले. चाळिशीत शिकू लागलेला मनुष्य गवई होत नाही, हे खरे आहे. परंतु दादांना गवई व्हावयाचे होते, असे मला सांगितले कोणी? त्यांना कदाचित संध्याकाळी ओसरीवर बसून एक अभंग वाजवावयाचा होता.

यावरून प्रौढ विद्यार्थ्याने अंगावरचे कर्तव्य टाळावे, असा अर्थ कोणी काढू नये. पेटी स्वर सांभाळते म्हणून आपण कान झोपू देऊ नये. शेजारी तंबोरा लावावा. आज तो खिशातल्या फोनवरही मिळतो. तंबोऱ्याच्या षड्जातून उमटणारा गंधार ऐकावा आणि मग पेटीचा गंधार दाबून पाहावा. फरक ऐकू येऊ लागला, की ज्या दोषासाठी वाद्याला शिक्षा झाली, तोच दोष आपला शिक्षक होतो. देवलांचे कामही थांबलेले नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. ते शिक्षणाने वैद्यकातले. सुधारणेचे काम शंभर वर्षांपूर्वी एका डेप्युटी कलेक्टरने हाती घेतले आणि पुढे ते एका डॉक्टरने चालविले, हे पाहून माझ्यासारख्या हौशी मनुष्याची मान थोडी ताठ होते.

श्रोतेहो, आपल्या घरी कोणी वडीलधारे माणूस, वडील, आई, सासूबाई, एखादे काका, केव्हातरी सहज म्हणून जाईल की काहीतरी वाजवावयास शिकावेसे वाटते. हे ते एकदाच म्हणेल. सुपारी कातरता कातरता किंवा भाजी निवडता निवडता म्हणेल, आणि आपल्या तोंडाकडे पाहणारही नाही. त्या वेळी घाईने काही बोलू नका. पेटीवाल्याचे दुकान कोठे आहे, एवढेच सांगा.

माझी पेटी सध्या प्रवेशिकेच्या पहिल्या वर्षात आहे. आषाढात पालखी आमच्या गावात येते, तेव्हा एका दिंडीच्या मुक्कामी मी ती घेऊन जातो आणि मागे बसून भजनाला सूर धरतो. अजून मी बुवांच्या थोडा मागे पडतो. पुढच्या वारीपर्यंत ते अंतर कमी करावे, असा विचार आहे.